जावयाचे पूर्वज ओहायोतले शेतकरी, १८४० च्या मागं गाडी रुतलीय. कुणाला अनुभव आहे का?

चिकोडीचे_गुरुजी:
नमस्कार मंडळी. विषय जरा गावाबाहेरचा आहे, म्हणजे पार सातासमुद्रापलीकडचाच आहे, खरं जमीन, जुने कागद, वंशावळ यात मुरलेली माणसं इथंच भेटतात म्हणून इथंच विचारतोय. माझी थोरली लेक ओहायोत कोलंबसला असते. जावई तिकडचाच, अमेरिकन, स्वभावानं एकदम गरीब, इथं आला की शेंगाची चटणी न् भाकरी मागून खातो. नात सहावीत आहे, तिला शाळेत दोन्हीकडची वंशावळ करायला सांगितलीय. आमची बाजू मी दोन दिवसात देऊन टाकली, कारण आमचा हेळवी (घरोघर फिरून वंशावळ सांगणारा) मागं आला होता तेव्हा त्याच्या चोपड्यावरनं सात पिढ्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. तर लेक म्हणाली, बाबा तुम्ही रिटायर आहात, नाद पण आहे, यांची बाजू पण तुम्हीच बघा. झालं, अडकलो.

माहिती एवढी आहे. जावयाची आजी नव्वदीच्या पुढची आहे, ती सांगते की तीन भाऊ जर्मनीहून जहाजानं आले, एक पेनसिल्व्हेनियात राहिला, एक दक्षिणेला गेला न् परत दिसलाच नाही, तिसरा ओहायोत आला त्याचे आम्ही. शेत होतं हायलँड काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा), हिल्सबरोपासनं जवळ, ते जावयाच्या आजोबांनी विकलं. मी १९५० च्या जनगणनेपासनं सुरुवात केली न् दर दहा वर्षांनी एक पायरी उतरत १८५० पर्यंत गेलो, मधलं १८९० सापडलं नाही. १८५० ला मूळ पुरुष सापडला: वय ४७, धंदा शेती, जन्म व्हर्जिनिया. बायकोचं वय २९ न् थोरला मुलगा २० वर्षांचा! म्हणजे ही त्याची आई नव्हे, उघड आहे. आणि आमचा जावई त्या थोरल्याच्याच वंशातला. मग १८४० उघडलं तर तिथं नुसतं घरमालकाचं नाव न् पुढं रकान्यात आकडे, १, २, ०, १. बायका-पोरांची नावंच नाहीत. एवढ्या सुधारलेल्या देशात हे काय हो?

एका पैसे घेणाऱ्या साईटवर फुकट ट्रायल घेतली तर तिथं कुणीतरी ही वंशावळ नेऊन जर्मनीतल्या १५०० सालच्या कुठल्यातरी सरदाराला जोडलीय, ढालबिल चिन्हासकट. खरं मानायचं का? (ट्रायल बंद करायला विसरलो न् जावयाच्या कार्डावरनं पैसे गेले, त्याची लाज वेगळीच.)

विचारायचं एवढंच की तीन भावांची गोष्ट खरी धरू का, आणि त्या पहिल्या बायकोचं नाव कुठं सापडेल?

वडगावची_टायपिंगवाली:
गुरुजी नमस्कार. मी बेळगावात एका कंपनीत सहा वर्षं रात्रपाळीला हेच काम केलंय, तिकडच्या जुन्या जनगणनेची पानं स्क्रीनवर यायची न् आम्ही बघून टाईप करायचो. वेलांटीदार अक्षर, शाई उतरलेली, पगार बेताचा, डोळ्याला चष्मा लागला तो तिथंच. पण त्या पानांची सवय अशी झाली की आजही शाळेचा दाखला बघितला की आधी रकाने मोजते.

तुमचं काही चुकलेलं नाही. तिकडं जनगणना १७९० पासनं दर दहा वर्षांनी आहे, पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे. १८५० ला पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं, तेही गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं. गुलामांची यादी वेगळी असायची, त्यात मालकाचं नाव न् खाली वय, लिंग, रंग, बास, बहुतेक ठिकाणी नाव नाहीच. ती पानं टाईप करताना आमच्या शिफ्टला कुणी फार बोलायचं नाही.

आणि १८५० मध्ये नाती लिहिलेली नाहीत हे ध्यानात ठेवा. नातं लिहायचा रकाना १८८० ला आला. म्हणजे १८५० ला घरात जी पोरं दिसतात ती सगळी त्याचीच असतील असं नाही, पुतण्या असेल, अनाथ असेल, गडी असेल. तुम्ही वयावरनं सावत्र आई ओळखली ते फार बरोबर केलं, तिकडची माणसंसुद्धा इथं फसतात न् २९ वर्षांच्या बाईला २० वर्षांच्या पोराची आई करून मोकळी होतात. एकानं चुकीचं टाकलं की पन्नास जण कॉपी करतात, मग पन्नास ठिकाणी दिसतंय म्हणून खरं वाटायला लागतं. ते सरदाराचं झाड तर लगेच सोडून द्या.

१८९० शोधू नका. वॉशिंग्टनला जानेवारी १९२१ मध्ये आग लागली त्यात काही जळालं काही भिजलं, उरलेलं पुढं नष्ट करून टाकलं, जवळजवळ सगळं गेलं. आणि ओहायोची १८०० न् १८१० ची पण नाही, १८१० ची एकाच वॉशिंग्टन काउंटीची उरलीय. म्हणजे तुम्हाला १८२० च्या मागं जनगणना नाहीच, तिथं टॅक्सच्या याद्या बघायच्या. जन्म-मृत्यूची नोंद ओहायोत काउंटीवाले १८६७ पासनं ठेवतात, तुमचं काम त्याच्या आधीचं. लग्नाच्या नोंदी मात्र काउंटी झाली तेव्हापासनं असतात, त्या हायलँडच्या बघितल्या का? तिथं नसेल तर शेजारच्या काउंट्या बघा, लग्न नवरीच्या गावी लागतंय, इकडं काय न् तिकडं काय.

आता तीन भाऊ. गुरुजी, हसू नका, पण ही गोष्ट तिकडं एवढ्या घरात सांगतात की वंशावळवाल्यांनी तिला चेष्टेचा विषय केलाय. तीन भाऊ आले, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, एक पश्चिमेला. आपल्यात नाही का, भावकीत कुणालाही विचारा, तीन भाऊ चित्तोडहून निघाले, एक वाटेत राहिला, एक गोव्याकडं गेला न् तिसऱ्याचे आम्ही! एकाच आडनावाची पण एकमेकांशी संबंध नसलेली तीन घरं आसपास असली की पुढचे लोक त्यांना भाऊ करून टाकतात. खोटीच म्हणत नाही मी, पण कागद मिळेपर्यंत नातीच्या तक्त्यावर लिहू देऊ नका.

जर्मनीचं मात्र जमण्यासारखं आहे. जर्मन लोक फिलाडेल्फियाला उतरायचे, मग पेनसिल्व्हेनिया, तिथली जमीन महाग झाली की पोरं वॅगन रोडनं खाली व्हर्जिनियाच्या शेननडोआ खोऱ्यात, आणि त्यांची पोरं ओहायोत. व्हर्जिनियाचा जन्म त्यात बसतोय. फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मनांकडनं राजनिष्ठेची शपथ घ्यायचे, त्या याद्या १७२७ पासनं आहेत. एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कच्या बंदरातलं, बोटीनं येणाऱ्यांची नोंद व्हायची ते ठिकाण) नादी लागू नका, ते १८९२ ला सुरू झालं. आडनाव चार-पाच स्पेलिंगनं शोधा. लिहिणारा इंग्रज कारकून, सांगणारा जर्मन शेतकरी, कानावर पडेल ते लिहिलं. काहींनी तर आडनावाचा अर्थच घेतला, झिमरमानचा कारपेंटर झाला.

नंदगडचा_बारक्या:
गुरुजी, त्यांच्याकडं पण आपला हेळवीच पाठवून द्या की! बैलावर बसून जाऊदे ओहायोला, घंटा वाजवत. खरं आता आमच्याकडं येतोय तो मोटारसायकलवरनं येतोय, आणि जोंधळे नको म्हणतोय, फोन पे करा म्हणतोय. काय बोलूलाय आता.

चिकोडीचे_गुरुजी:
@बारक्या, कल्पना वाईट नाही, व्हिसा कोण काढणार सांग.
@वडगावच्या ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, फार उपकार. हायलँडची लग्नं बघितली, त्या नावाचा माणूस दोनदा आहे खरं दोन्ही तारखा थोरल्याच्या जन्मानंतरच्या. पहिलं लग्न तिथं लागलेलंच नाही असं दिसतंय. आता?

मोजणीदार_खानापूर:
गुरुजी, शरणार्थ. मी सर्वे खात्यात ३१ वर्षं साखळी ओढली (म्हणजे गडी ओढायचे, मी लिहायचो). तुमचं वाचून रात्री अकरापर्यंत नकाशे बघत बसलो, घरची ओरडाय लागली.

ओहायोत बाकी बहुतेक ठिकाणी जमीन चौकटीत मोजलीय. १७८५ चा कायदा आहे त्यांचा, सहा मैल बाय सहा मैलाचा टाउनशिप, त्याचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर, आणि १६ नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवलेला. नंबर सांगितला की वावर हातात. खरं तुमचं हायलँड त्या चौकटीत बसत नाही. सायोटो न् लिटल मायामी या दोन नद्यांच्या मधला पट्टा व्हर्जिनिया राज्यानं आपल्या क्रांतियुद्धातल्या (इंग्रजांविरुद्धच्या) सैनिकांना द्यायला मागं ठेवला होता, त्याला व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्ट म्हणतात. तिथं सैनिकानं वॉरंट (म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद) घ्यायचं न् आवडेल तिथं आवडेल त्या आकाराची जमीन मोजून घ्यायची. ओढ्याकाठची काळी तेवढी घेतली, मुरमाड सोडली. एकावर एक मोजण्या चढल्या, कोर्टात पिढ्या गेल्या. आमच्या नशिबी असला जिल्हा आला असता तर मी नोकरी सोडली असती.

तर तिथल्या खरेदीपत्रात आपल्यासारखी चतुःसीमाच असते. ओढ्याकाठच्या दोन पांढऱ्या ओकपासनं सुरुवात, तिथून उत्तर ४० अंश पूर्व १२० पोल शुगर ट्रीपर्यंत, तिथून अमक्याच्या हद्दीनं चालत जाऊन… असं फिरत फिरत परत त्या दोन ओकपाशी. पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोल म्हणजे त्यांची एक साखळी, ६६ फूट. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटाचा, म्हणजे त्यांची साखळी आपल्या बरोबर दुप्पट. बघा, माप एकाच पेटीतलं आहे! आणि झाड वठलं की बांध गेला, तेही आपल्यासारखंच, आपल्याकडं निदान दगड तरी रोवतात.

आता कामाचं. ‘अमक्याच्या हद्दीनं’ यातला अमका कोण ते लिहून घ्या. चारी बाजूच्या शेजाऱ्यांची यादी करा न् त्यांची लग्नं, त्यांची मृत्युपत्रं बघा. रस्ता नाही, पूल नाही, पाच मैलात दहा घरं, सोयरीक बांधाला बांध लागूनच होणार. ही माणसं एकटी आलेलीच नसतात, आख्खी आळी व्हर्जिनियातनं उठून येते, तिथला शेजारी इथं पण शेजारी.

दुसरं, वॉरंट ज्याच्या नावावर आहे तो तुमचा माणूस असेलच असं नाही. पुष्कळ सैनिकांनी वॉरंट विकून टाकलं, जमिनीच्या व्यापाऱ्यांनी गठ्ठ्यानं घेतलं न् मग शेतकऱ्यांना तुकडे पाडून विकलं. म्हणून त्यांच्या केंद्र सरकारच्या साईटवर जी मूळ पट्ट्यांची यादी आहे (फुकट आहे, चांगली आहे) तिथं नाव नाही म्हणून हात टेकू नका. काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसची डीड बुकं (खरेदीपत्रांच्या नकलांची बुकं) बघा. त्यांना दोन सूच्या असतात, देणाऱ्याची वेगळी न् घेणाऱ्याची वेगळी. दोन्ही बघा. लोक फक्त घेतल्याचं बघतात.

तिसरं, काउंटीची हद्द. हायलँड काउंटी १८०५ ला झाली, रॉस, ॲडम्स न् क्लेरमाँट यांच्यातनं काढून. त्याच्या आधीचा कागद त्या तीन ठिकाणी. चंदगड १९५६ पर्यंत आपल्या बेळगाव जिल्ह्यात होतं, आता कोल्हापुरात आहे, जुना कागद हुडकायला माणूस अजून इकडं येतोय की नाही? तसंच.

संकेश्वर_वाचक:
मोजणीदारांनी सगळं सांगितलं, एक राहिलं. सैनिकांना द्यायच्या आधी ती जमीन कुणाची होती? शॉनी न् इतर जमातींची. १७९५ ला ग्रीनव्हिलचा तह झाला न् दक्षिण ओहायो त्यांच्या हातातनं गेला, त्यानंतरच तिथं शेतकऱ्यांचा खरा ओघ सुरू झाला. नातीच्या तक्त्यावर ‘पहिले रहिवासी’ असा मथळा असेल तर तेवढा बदलायला सांगा. बाकी काउंटीचे जे जाडजूड इतिहास १८८० च्या आसपास छापलेत ते पण वाचा, पण त्यात ज्यांनी आगाऊ पैसे भरले त्यांची चरित्रं जास्त आहेत, सगळे कष्टाळू न् सगळे सज्जन. गावाच्या स्मरणिकेत कसं असतं तसं.

वडगावची_टायपिंगवाली:
मोजणीदार काकांनी डीड बुक काढलं म्हणून आठवलं. गुरुजी, तुमच्या बाईचं नाव बहुतेक तिथंच आहे, आणि घेतल्याच्या नाही, विकल्याच्या कागदात! तिकडच्या कायद्यानं नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा डावर म्हणून हक्क असायचा, नवरा मेला तर एकतृतीयांश तिच्या हयातीपर्यंत. त्यामुळं विकताना तिनं तो हक्क सोडलाय हे लिहून लागायचं, नाहीतर घेणाऱ्याच्या मागं पुढं लचांड. मग जस्टिस ऑफ द पीस (तिथला स्थानिक न्यायाधीश) तिला नवऱ्यापासनं बाजूला घेऊन विचारायचा, बाई, आपखुशीनं देतेस ना, कुणाची भीती नाही ना, आणि तसं कागदाच्या शेवटी लिहायचा, नावासकट. खाली तिची सही, सही येत नसेल तर फुली. १८४० मध्ये जी बाई रकान्यातला एक आकडा आहे तिचं नाव असं विक्रीच्या कागदात सापडतं.

१८५० च्या आधी त्यानं एक गुंठा जरी विकला असेल तर बघा. फॅमिलीसर्चवर लॉगिन फुकट आहे, मॉर्मन चर्चची साईट, २०२४ पासनं तिथं फुल टेक्स्ट सर्च म्हणून सोय आलीय, हस्ताक्षरातला मजकूर मशीनच वाचतं. (आमची नोकरी गेली ती अशीच, पण असो.) ते वाचन चुकतं, आडनाव वेडंवाकडं टाकून बघा. आणि आजीला विचारा, घरात जुनं बायबल आहे का, पहिल्या-मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मरण लिहायची पद्धत होती. त्याचा बाप क्रांतियुद्धात असेल तर पेन्शनची फाईल पण बघा, १८३२ च्या कायद्यानं म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टात उभं राहून आपली हकीगत सांगितलीय, आणि विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची पानं फाडून जोडलीयत, ती अजून फायलीत आहेत.

चिकोडीचे_गुरुजी:
मंडळी, बारा दिवसांनी येतोय, माफ करा, मधे घरात लगीन होतं.

सापडली! विकल्याच्याच कागदात. १८३८ चा कागद, ४१ एकर, शेजाऱ्याला विकलंय. ताई म्हणतात तसं शेवटी पाच ओळी आहेत, सुसाना, वरील इसमाची बायको, हिला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारलं असता… आणि खाली त्याची सही न् तिच्या नावाच्या मधोमध फुली. डीड बुकातली ती नक्कल आहे, कारकुनानं केलेली, म्हणजे फुली पण कारकुनाचीच हे मला कळतंय, तरी मी बराच वेळ त्या फुलीकडं बघत बसलो. मशीननं ‘सुसाना’चं ‘हुजाना’ वाचलं होतं म्हणून आधी दोन दिवस दिसत नव्हती.

माहेरचं नाव अजून पक्कं नाही. मोजणीदारांच्या सांगण्यावरनं चार शेजाऱ्यांची यादी केली, त्यातल्या एकाच्या १८४४ च्या मृत्युपत्रात ‘माझी मयत मुलगी सुसाना हिची मुलं’ यांना मिळून एक दुभती गाय न् एक पिसांची गादी ठेवलीय. जावई म्हणाला सापडलाच, लिहून टाकू. मी म्हणालो जावईबापू, थांबा, मुलांची नावं दिलेली नाहीत, आणि सुसाना त्या काळात दर दुसऱ्या घरात होती. बापाच्या इस्टेटीची वाटणी झाली असेल तर त्यात नातवंडांची नावं येतील, ते पान मागवलंय. त्याच मृत्युपत्राच्या आधी याच म्हाताऱ्याचा व्हर्जिनियातला एक कागद पण सापडला, त्यात घोडा, नांगर न् ‘मुलगा, नाव टॉम’ (म्हणजे गुलाम पोरगा) असं एका ओळीत विकलंय. जावयानं ते दोनदा वाचलं न् फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तक्त्यावर तेही लिहू.

जर्मनी, तीन भाऊ, सगळं तक्त्यावर पेन्सिलनं. आजीला आवडलं नाही.

आता घोळ वेगळाच झालाय. नातीनं सुसानाचं नाव ठळक लिहिलं न् मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, आजोबा, तुमच्या बाजूला पण लिही ना, तुमच्या आजोबांच्या आईचं नाव काय? मी वही उघडली. सात पिढ्या, एकोणचाळीस नावं, सगळे बाप्ये. आमच्या हेळव्यानं बायकांची नावं सांगितली नव्हती का मीच उतरवली नव्हती, आठवत नाही. शिवाय आपल्यात लग्नात नाव बदलायचे, माहेरची कृष्णा ती सासरची लक्ष्मी, म्हणजे हुडकायचं तरी कुठल्या नावानं. कुणाला काय सुचतंय का?

मोजणीदार_खानापूर:
गुरुजी, तुमच्या पणजोबांचं मरण कुठल्या सालचं? पोरं लहान असताना वारले असतील तर सोपं आहे. वारसा लावताना पोरांच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून बहुतेक आईचं नाव असायचं. १९५६ च्या आधीची नोंद बहुतेक मराठीत असणार, त्याच्याही आधीची मोडीत. जुना हस्तलिखित उतारा न् वारसाची नोंद दोन्हीची नक्कल मागा, नुसता कॉम्प्युटरचा उतारा घेऊन येऊ नका, त्यात जुनी नावं नाहीत. मोडी असलं तर फोटो इथं टाका, मी वाचतो.

नंदगडचा_बारक्या:
आणि हेळवी सुगी झाल्यावर येतोय आमच्याकडं, आला की नंबर घेऊन ठेवतो. बायकांची नावं हायत का विचारतो. नसली तर फोन पे न्हाई म्हणून सांगतो.